कवडीमोल कशाला म्हणायचं? सरकारी मालमत्तेच्या विक्रीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारी कंपनी, हॉटेल किंवा जमीन विकली गेली की ‘मातीमोल भावाने उद्योगपतींच्या घशात घातली’ अशी ओरड होते. काही वर्षांनी खरेदीदाराने त्यातून बख्खळ कमावलेलंही दिसतं. मग सरकारं खरोखरच स्वस्तात विकतात का? आणि विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने दिलं तर बरं नाही का?

मी मूल्यांकनाच्या धंद्यात आहे. जमीन, इमारती, यंत्रसामग्री, चालू-बंद कारखाने यांची किंमत काढायची, कधी विकणाऱ्या महामंडळासाठी, तर कधी बोली लावणाऱ्यासाठी. दोन्ही बाजूंच्या टेबलांवर बसल्यावर माझं मत असं झालंय की हो, सरकारी मालमत्ता बऱ्याचदा स्वस्तात जाते. पण लोक बोट ठेवतात ते विक्रीच्या दिवशीच्या आकड्यावर, आणि तो आकडा पुष्कळदा ठीकच असतो. खरं नुकसान त्याच्या आधी, निविदेचा मसुदा तयार होताना, किंवा त्याच्यानंतर, करारातल्या एखाद्या कलमातून होतं. त्यावर मात्र मथळे येत नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘खरी किंमत’ नावाचा एक आकडा कुठे लिहून ठेवलेला नसतो. २००१ मध्ये बाल्को, म्हणजे छत्तीसगडमधल्या कोरब्याची सरकारी ॲल्युमिनियम कंपनी, विकायला निघाली तेव्हा तिचं मूल्यांकन चार पद्धतींनी झालं. पुढे मिळणाऱ्या रोख रकमेवरून, तशाच इतर कंपन्यांच्या भावावरून, ताळेबंदावरून आणि मालमत्तेच्या किमतीवरून. संपूर्ण कंपनीची किंमत एका टोकाला ६०० कोटींच्या खाली आली, दुसऱ्या टोकाला १,०७२ कोटी. कंपनी तीच, तारीख तीच. सरकारने ५१ टक्क्यांसाठी राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली विकायचं नाही ती किंमत, ५१४.४ कोटी ठरवली. स्टरलाइट या खाजगी कंपनीने ५५१.५ कोटी देऊ केले, हिंदाल्कोने २७५ कोटी. कामगारांनी दोन महिन्यांहून जास्त काळ संप केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने विक्री वैध ठरवली. कोणती पद्धत बरोबर याचा निवाडा करणं न्यायालयाचं काम नव्हे, असाच त्या निकालाचा रोख होता. माझ्या मते ते योग्यच होतं.

पद्धत बदलली की आकडा किती हलतो याचं टोकाचं उदाहरण उदयपूरचं लक्ष्मीविलास पॅलेस हॉटेल. आयटीडीसीचं, म्हणजे केंद्राच्या पर्यटन महामंडळाचं हे हॉटेल, सोबत २९ एकर जागा, २००२ मध्ये ७.५२ कोटींना विकलं गेलं. नंतर सीबीआयच्या तपासात नेमलेल्या मूल्यांकनकाराने किंमत काढली २५२ कोटी! सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला होता, तो जोधपूरच्या विशेष न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला आणि त्या आदेशाला मग राजस्थान उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. न्यायालयाचा भाग बाजूला ठेवू, धंद्याच्या दृष्टीने मला त्यातला फरक समजतो. हॉटेल चालू धंदा म्हणून मोजलं आणि धंदा रडतखडत चालला असेल, तर किंमत खोल्यांच्या भाड्यातून निघते, आणि ती फुटकळच निघणार. तलावाकाठची मोकळी जमीन म्हणून मोजलं की आकडा आभाळाला भिडतो. मूल्यांकनकाराला विचारायचं ते हे, की खरेदीदाराला त्या जमिनीवर दुसरं काही करायची मुभा कराराने आणि नियमांनी होती का? असेल तर जमिनीचा भाव धरायलाच हवा. नसेल तर तो आकडा केवळ मथळ्याच्या कामाचा.

आता ‘नंतर किती पटीला विकलं’ या पुराव्याबद्दल. परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, साधारण १७ एकर, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये डीएलएफला ७०२ कोटींना विकली. २०१२ मध्ये डीएलएफने ती लोढांना २,७२७ कोटींना दिली. जवळपास चौपट! पण सात वर्षांत चौपट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला २१ टक्क्यांच्या आसपास. त्यातून बिल्डरला बाजारात पडणारं व्याज, परवानग्यांचा खर्च आणि अडकून पडलेला पैसा वजा केलात की जे उरतं ते चांगलं आहे, पण दरोडा म्हणावा इतकं नाही. मधल्या काळात मुंबईतले सगळेच भाव चढले होते. महामंडळाने तीच जमीन सात वर्षं धरून ठेवली असती तर फायदा त्यांना झाला असता हे खरं. मात्र त्या सात वर्षांचे पगार आणि थकबाकी कुठून दिली असती, तेही मग सांगावं लागतं.

याउलट मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल. एअर इंडियाच्या उपकंपनीचं हे हॉटेल २००२ मध्ये बत्रा हॉस्पिटॅलिटीला ८३ कोटींना गेलं, आणि काही महिन्यांतच ते ११५ कोटींना सहाराच्या हाती गेलं. वाढ ३८ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर २०१३ मध्ये रॉयल मेलचे शेअर ३३० पेन्सला विकले, तेव्हा पहिल्याच दिवशी भाव ४५५ पेन्सवर बंद झाला. तीही वाढ ३८ टक्केच. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने सरकारवर फार बिचकून किंमत लावल्याचा ठपका ठेवला. पण २०२० मध्ये तोच शेअर ३३० च्या निम्म्याहून खाली आला होता. पहिल्या दिवसाचा भाव हा उत्साहाचा भाव असतो. आपल्याकडे एलआयसीचा शेअर मे २०२२ मध्ये ९४९ रुपयांना विकला आणि बाजारात ८७० च्या आसपास उघडला, तेव्हा ‘सरकारने जनतेची मालमत्ता महाग विकली’ म्हणून कुणी सरकारची पाठ थोपटली नाही, उलट छोट्या गुंतवणूकदारांनी बोटं मोडली.

सेंटॉरची ३८ टक्के वाढ मात्र मला खटकते, कारण ती शेअर बाजारातली नाही. काही महिन्यांत त्या इमारतीत सुधारणा झाली नव्हती, धंदाही पालटला नव्हता. याचा अर्थ ११५ कोटी देणारा माणूस तेव्हाही मुंबईत होता, फक्त सरकारच्या टेबलापर्यंत तो आलाच नाही. का आला नाही, हा खरा तपासाचा विषय. आमच्या धंद्यात म्हणूनच पहिला प्रश्न ‘किती आले’ हा असतो, ‘किती मिळाले’ हा दुसरा. एकच लिफाफा आला तर राखीव किंमत कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तो लिलाव नव्हे, ती एकट्या गिऱ्हाइकाशी केलेली घासाघीस आहे, आणि सरकार घासाघिशीत कच्चं असतं. खाजगी मालक म्हणू शकतो, ‘नाही पटलं, पुढच्या वर्षी बघू.’ अधिकारी म्हणू शकत नाही. विकलं तर ‘स्वस्तात विकलं’, नाही विकलं तर ‘लक्ष्य बुडवलं’.

त्या लक्ष्याचाही हिशेब घ्या. अर्थसंकल्पात निर्गुंतवणुकीचा, म्हणजे सरकारी हिस्सा विकून किती मिळवायचे त्याचा, आकडा छापून यायचा. २०२१-२२ मध्ये तो पावणेदोन लाख कोटी होता आणि प्रत्यक्षात जमले १४ हजार कोटींच्याही आत. पोरीचं लग्न ठरलंय आणि त्यासाठी शेत काढलंय हे गावभर कळल्यावर जो भाव येतो तोच इथे येतो. फेब्रुवारी उजाडला की बोलीदारांचे सल्लागार निवांत होतात, घाई समोरच्याला आहे हे त्यांना ठाऊक असतं. मार्चच्या तोंडावर दुसरी सरकारी कंपनीच गिऱ्हाईक म्हणून उभी करायची हाही एक प्रकार. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने एचपीसीएल या दुसऱ्या सरकारी तेल कंपनीतला सरकारचा ५१ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना घेतला. याला विक्री म्हणणं मला जड जातं, या खिशातून त्या खिशात गेलेला पैसा तो. अलीकडे अर्थसंकल्पात ठळक लक्ष्य देणं सरकारने सोडलंय, ही शहाणपणाची गोष्ट झाली.

बोलीदार का येत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा कागदपत्रांच्या कपाटात मिळतं. एका महामंडळाच्या गोदामाचं काम सांगतो. कार्यालयातल्या नोंदवहीत क्षेत्र एक, मोजणीच्या नकाशात दुसरं. जमीन कित्येक दशकांपूर्वी संपादित झालेली, निवाडा झाला, मोबदला वाटला गेला, पण फेरफार कुणी ओढलाच नाही. सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्यांची नावं, आणि त्यातले बरेच आता हयात नाहीत. मागच्या कुंपणाला टेकून टपऱ्या, एक देऊळ. पोचरस्ता शेजारच्या गटातून, निव्वळ वहिवाटीचा. आतल्या गोदामांना भोगवटा प्रमाणपत्र सापडेना. रेडीरेकनरच्या दराने ती जागा घसघशीत दिसत होती. पण आम्ही बोलीदाराच्या बाजूने असतो तेव्हा यातली एकेक बाब लिहून काढतो आणि प्रत्येकीपुढे वजावट मांडतो, आणि वजावट मांडताना हात आखडता घेत नाही. वारस उभे राहिले तर किती वर्षं जातील? टपऱ्या हटवायला काय द्यावं लागेल? शेवटी जो आकडा उरतो तो ऐकून विकणाऱ्याच्या कार्यालयातले लोक म्हणतात, ‘लुटायला बसलेत!’ तलाठी कार्यालय आणि भूमी अभिलेखात आधी काही महिने खेटे घातले असते, तर यातली बरीचशी वजावट उरलीच नसती. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात कुणाचं नाव होत नाही, म्हणून ते होत नाही. सरकारी मालमत्तेची सगळ्यात जास्त किंमत इथेच बुडते असं माझं ठाम मत आहे.

एअर इंडियाचं उदाहरण उलट बाजूने पाहा. २०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा काढला, उरलेला स्वतःकडे ठेवून, कर्जाचा मोठा बोजा खरेदीदाराच्या माथी मारून. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये शंभर टक्के विकायला काढलं, किती कर्ज उचलायचं ते बोलीदारावर सोडलं, आणि जमिनी-इमारती आधीच वेगळ्या कंपनीत काढून घेतल्या. टाटांनी १८,००० कोटी लावले, दुसरी बोली १५,१०० कोटींची होती, राखीव किंमत १२,९०६ कोटी. १८,००० पैकी रोख फक्त २,७०० कोटी आणि बाकी कर्ज, म्हणून ‘फुकटात दिली’ असं तेव्हा म्हटलं गेलं. पण कंपनी रोज सुमारे २० कोटी गमावत होती. रोज रक्त वाहणाऱ्या गोष्टीची किंमत शून्याच्या खालीही जाऊ शकते, हे सामान्य माणसाला पटवणं अवघड असतं. माझ्या मते हा त्यातल्या त्यात नीट झालेला व्यवहार. आणखी एक गोष्ट: अशा व्यवहारांत राखीव किंमत ठरते ती सीलबंद आर्थिक बोल्या हाती आल्यावर, पण लिफाफे फोडण्याआधी. त्यामुळे ती बाहेर फुटून त्याबरहुकूम बोली येण्याची वाट बंद होते. निदान कागदावर तरी.

त्याच एअर इंडियाची नरिमन पॉइंटची इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घ्यायचं २०२३ मध्ये ठरवलं, शिवाय जमिनीच्या पट्ट्यापोटी राज्याला येणं असलेलं अनर्जित उत्पन्न (हस्तांतरात वाढीव किमतीतला राज्याचा वाटा) आणि व्याज, सुमारे ३०० कोटी, माफ केलं. आधीच्या फेरीत स्पर्धेत होते एलआयसी, जेएनपीटी आणि राज्य सरकार, सगळे सरकारीच. समुद्रासमोरचा २३ मजली टॉवर खुल्या बाजारात काढला असता तर? कदाचित जास्त आले असते, पण जमीन राज्याच्या पट्ट्याची, हस्तांतराला राज्याची परवानगी लागणार, म्हणजे गिऱ्हाईक निवडण्याचा अधिकार आधीच राज्याच्या हातात होता. इथे विकणाराही जनता आणि घेणाराही जनता, त्यामुळे स्वस्त-महाग हा प्रश्न दिल्लीच्या आणि मुंबईच्या तिजोरीपुरता.

आता करारातली कलमं. २००२ मध्ये हिंदुस्थान झिंकचा २६ टक्के हिस्सा स्टरलाइटच्या कंपनीला ४४५ कोटींना गेला, शेअरमागे साधारण साडेचाळीस रुपये. राखीव किंमत ३२ रुपयांच्या आसपास होती, म्हणजे आकडा वाईट नव्हता. जस्त तेव्हा जागतिक बाजारात टनाला ८०० डॉलरच्या आसपास घुटमळत होतं. करारात खरेदीदाराला पुढे आणखी हिस्सा घेण्याचा हक्क होता, ज्याला कॉल ऑप्शन म्हणतात. २००३ मध्ये तो वापरून १८.९२ टक्के आणखी गेले, सुमारे ३२४ कोटींना. दर पुन्हा तोच साडेचाळीस. २००६ अखेर जस्त ४,००० डॉलरच्या वर होतं. असा हक्क म्हणजे भाव चढला तर घेईन, पडला तर तुमचं तुम्हाला लखलाभ. बाजारात असा हक्क फुकट मिळत नाही. बोलीदाराने त्याची काही किंमत बोलीतच धरली असेल, राखीव किमतीपेक्षा इतका वरचा भाव आला तो कदाचित त्यामुळेच. पण सरकारी बाजूने त्या कलमाची वेगळी किंमत काढून मंत्र्यांपुढे ठेवायला हवी. मूल्यांकनाच्या अहवालात शेअरची किंमत पन्नास पानं चालते आणि कलमं वकिलांकडे जातात. दोघांची गाठ पडत नाही.

हिंदुस्थान झिंकमध्ये सरकारला वाचवलं ते उरलेल्या साडेएकोणतीस टक्क्यांनी. २०१६ मध्ये कंपनीने शेअरमागे २४ रुपयांचा खास लाभांश दिला, त्यात एका झटक्यात सरकारला सुमारे ३,००० कोटी मिळाले. २०२४ मध्ये अवघे १.६ टक्के विकून ३,४०० कोटींच्या आसपास आले. यावरून कुणी ‘४४५ कोटींत केवढं गमावलं’ असं गणित मांडतं, ते अर्धवट आहे. मधल्या काळातला खाणींचा विस्तार आणि जस्ताचा भाव दोन्ही त्यात आहेत. पण ताबा द्यायचा आणि पुढच्या वाढीत आपला वाटा ठेवायचा, ही युक्ती यातून नक्की उचलावी. २००२ च्या त्या विक्रीच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीबीआयला गुन्हा नोंदवायला सांगितलं, आणि त्याच निकालात उरलेला हिस्सा विकायला सरकारला परवानगीही दिली.

व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीच्या विक्रीत कलम बरोबर होतं, अंमलबजावणीचं मात्र भिजत घोंगडं झालं. २००२ मध्ये २५ टक्के हिस्सा टाटांना १,४३९ कोटींना देताना सरकारने ७७३ एकर जादा जमीन व्यवहाराबाहेर ठेवली. त्यातली ५२४ एकर आपल्या पुण्यात, दिघीला. ही जमीन वेगळ्या कंपनीत काढायची ठरलं. हेमिस्फिअर प्रॉपर्टीज ही कंपनी २००५ मध्ये स्थापन झाली आणि शेअर बाजारात आली २०२० मध्ये! अठरा वर्षं पुण्याच्या उशाशी पाचशे एकर नुसते पडून. याची बोंब कुणी मारली नाही, कारण इथे कुणी उद्योगपती फायद्यात गेला नव्हता. न विकून झालेलं नुकसान मोजायची आपल्याला सवयच नाही.

गिरण्यांच्या जमिनींबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती किमतीबद्दल नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर क्रमांक ३ आणि मुंबई टेक्स्टाइल अशा पाच गिरण्या विकून सुमारे २,०२० कोटी मिळवले. खुल्या निविदा, चुरशीच्या बोल्या, तोवरचे विक्रमी भाव. विक्रेता म्हणून दहापैकी नऊ गुण. पण १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकाला जायचा. २००१ मध्ये नियम असा बदलला की ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची होणार. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे जवळजवळ सगळ्या शेडच, त्यामुळे वाटणीला उरलं चिमूटभर. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. म्हणजे बोलीदार विक्रमी भाव देत होते ते कशासाठी? आधीच्या नियमाने जी जमीन मैदानांना आणि गिरणी कामगारांच्या घरांना गेली असती, तीही आता त्यांना बांधायला मिळणार होती म्हणून. महामंडळाच्या खात्यात पैसे आले, लालबाग-परळच्या वाट्याची जमीन गेली, आणि कोणत्याही लेखापरीक्षणात याचा तोटा दिसणार नाही, कारण नियम बदलणं म्हणजे विक्री नव्हे.

(साखर कारखान्यांचं विचाराल तर तो विषय मी इथे घेत नाही. ते सहकारी, सरकारी नव्हेत. त्यांची विक्री बँकांच्या वसुलीतून झाली आणि बऱ्याच प्रकरणांत कोर्टकचेऱ्या झाल्या.)

राहिला भाडेपट्ट्याचा प्रश्न. ‘विकत नाही, फक्त भाड्याने देतोय’ हे ऐकायला बरं वाटतं. पण मुदत विचारा. आठ टक्के दराने आणि जमिनीचा भाव स्थिर धरून, आज १०० रुपये किमतीची जमीन ३० वर्षांनी परत मिळणार असेल तर त्या परतीची आजची किंमत साधारण १० रुपये. ६० वर्षांनी परत मिळणार असेल तर १ रुपया. ९८ वर्षांनी, ५ पैसे. भाववाढ धरली की हे आकडे वर सरकतात, क्रम मात्र तोच राहतो. एसटीच्या आगारांच्या जागांसाठी पट्ट्याची मुदत ६० वरून ९८ वर्षांवर (४९ अधिक ४९) नेली गेली आहे, ती या हिशेबाने बघा. एवढ्या लांब मुदतीला जमीन गेलीच म्हणून धरायची आणि सगळं लक्ष भाड्याच्या फेरनिश्चितीच्या कलमावर ठेवायचं. दर किती वर्षांनी भाडं वाढणार, कशाला जोडून, रेडीरेकनरला की ठरावीक टक्क्याला, आणि दुसरी ४९ वर्षं आपोआप मिळणार की त्या वेळच्या भावाने नव्याने? महालक्ष्मी रेसकोर्सचा ९९ वर्षांचा पट्टा १९१४ मधला. तो २०१३ मध्ये संपला, आणि त्यातली १२० एकर शहराला परत देऊन उरलेल्यासाठी नवा ३० वर्षांचा पट्टा करायला २०२४ उजाडलं. पट्टा संपल्यावर ताबा आपसूक परत येत नाही. तो कसा परत घ्यायचा, मुदत उलटल्यावर कोणत्या दराने भाडं चढत जाईल, हे पहिल्याच दिवशी करारात लिहिलेलं असावं लागतं. निविदेची कागदपत्रं संकेतस्थळावर असतात. एसटीच्या तुमच्या गावच्या जागेची निघतील तेव्हा हे कलम आधी उघडून बघा.